मुलांची खोली : उत्तरेकडच्या देशांचा धडा

नवे घर घेताना आपण देवघराची दिशा पाहतो, ओट्याची उंची पाहतो, दिवाणखान्यात कोच मावेल की नाही याचा अंदाज घेतो. मुलांच्या खोलीचा विचार त्या मानाने उशिरा होतो, आणि होतो तो बहुधा रंगाच्या दुकानात. तेथे अलीकडे एक शब्द हमखास कानी पडतो : स्कँडिनेव्हियन. पांढऱ्या किंवा मोतिया भिंती, फिकट लाकडाचा पलंग, राखी रंगाची चादर, खिडकीला साधा पडदा आणि बाकी खोली जवळजवळ मोकळी, असे या पद्धतीचे चित्र आपल्यापुढे ठेवले जाते. नवी मुंबईत तुर्भे येथे डिसेंबर २०२० मध्ये आयकिया या मूळच्या स्वीडिश कंपनीचे दुकान उघडले, तेव्हापासून तर ही पद्धत सुटीच्या दिवशी पाहायला जाण्याची गोष्ट झाली आहे.

ती पाहून परतणाऱ्या आईबापांच्या मनात एक प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. ही शांत, फिक्या रंगांची खोली मुलाला खरोखर मानवते का? की ती केवळ मोठ्यांच्या डोळ्यांची हौस आहे? पैसे खर्च करण्यापूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर मिळवायचे, तर ही पद्धत ज्या मातीत रुजली तेथे जाऊन तिची कारणे पाहिली पाहिजेत. आज आम्ही तेच करणार आहोत.

काटेकोर बोलायचे तर डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तीन देशांना स्कँडिनेव्हिया म्हणतात. घराच्या सजावटीविषयी बोलताना मात्र फिनलंडही त्यांच्या पंक्तीला बसतो, आणि आम्हीही त्याला उठवणार नाही. या चारही देशांना एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे उजेडाची टंचाई.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम सुमारे ५९ उत्तर अक्षांशावर आहे. आपले पुणे साडेअठरा अंशांवर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्टॉकहोमचा दिवस अवघा सहा तासांचा असतो. भरदुपारीही सूर्य क्षितिजाच्या वर सात अंशांहून फारसा चढत नाही. त्याच दुपारी पुण्यात तो ४८ अंश वर आलेला असतो. म्हणजे तिकडच्या लेकराच्या वाट्याला हिवाळ्यात जो काही सूर्यप्रकाश येतो, तो थोडा वेळ येतो, तिरपा येतो आणि दुबळा येतो. तो वाया जाऊ न देणे ही तेथल्या गृहस्थाची पहिली चिंता.

आता भिंतीचा रंग येथे काय करतो ते पाहा. स्वच्छ पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार पंचमांश परत फेकते. गडद तपकिरी भिंत एक पंचमांशही परत देत नाही. खिडकीतून आलेला प्रकाश दोन भिंतींवर आपटून मग कोपऱ्यात बसलेल्या मुलाच्या पुस्तकावर पोचतो असे धरा. पांढऱ्या खोलीत शंभर भागांपैकी चौसष्ट भाग शिल्लक राहतात. गडद खोलीत चारसुद्धा राहत नाहीत. एवढा हिशेब समजला की पांढऱ्या भिंतींचे, फिकट फरशीचे आणि खिडकी न झाकणाऱ्या पडद्यांचे रहस्य उलगडते. तेथे पांढरा रंग हा दिव्याचा सोबती आहे.

उन्हाळ्यात याच्या अगदी उलट घडते. जूनमध्ये स्टॉकहोमचा दिवस साडेअठरा तासांचा होतो. रात्री दहा वाजताही बाहेर उजेड असतो आणि मूल झोपायला तयार नसते. म्हणून तेथल्या मुलांच्या खोलीत पातळ पडद्यामागे उजेड पूर्ण अडवणारा, वरून खाली ओढायचा गुंडाळपडदा असतो. छायाचित्रात आपल्याला पातळ पडदा तेवढा दिसतो. त्यामागचा दुसरा दिसत नाही. परदेशी वस्तूची नक्कल करताना अशी अर्धी गोष्ट हाती लागण्याचा धोका नेहमीच असतो.

फिकट रंगांची ही आवड तशी जुनी आहे. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने १७७१ ते १७९२ या काळात राज्य केले. त्याच्या दरबाराने फ्रान्सची डौलदार शैली उचलली. पण देश श्रीमंत नव्हता. सोनेरी मुलाम्याऐवजी पाइनच्या साध्या लाकडाला मोतिया, राखी, फिकट निळा रंग देऊन काम भागवले गेले. काटकसरीतून आलेली ही छटा पुढे सौंदर्याची खूण ठरली. शेतकऱ्यांच्या घरात लाकूड तर दाराशीच होते : पाइन, स्प्रूस आणि बर्च. डेन्मार्कमध्ये पाइनच्या फळ्यांची जमीन क्षार आणि साबणाच्या पाण्याने धुण्याची चाल आहे. त्यामुळे लाकूड पिवळे पडत नाही, उजळ राहते. जमिनीवर अंथरायला चिंध्यांच्या पट्ट्या विणून केलेले लांबट गालिचे असत. जुने कपडे फाडून नवी ऊब तयार करण्याची ही कला आपल्या गोधडीची मावसबहीणच म्हणायची.

येथवर खोली उजळ का, हे समजले. ती मुलाची कशी झाली, ही गोष्ट निराळी आहे आणि अधिक महत्त्वाची आहे.

कार्ल लार्सन (१८५३–१९१९) हा स्वीडनचा लोकप्रिय चित्रकार. त्याची पत्नी कारिन हीसुद्धा शिकलेली चित्रकार होती. कारिनच्या वडिलांनी १८८८ साली या जोडप्याला दालार्ना प्रांतातल्या सुंदबोर्न गावी एक लहानसे लाकडी घर दिले. त्यांना एकूण आठ मुले झाली आणि घरही मुलांबरोबर वाढत गेले. कारिनने स्वतः कापड विणले, पडदे केले, सुताराला सांगून साधी टेबले-खुर्च्या करवून घेतल्या. कार्लने त्या घराची जलरंगातली चित्रे काढली आणि १८९९ मध्ये ती ‘घर’ अशा अर्थाच्या साध्या नावाच्या पुस्तकात छापली. ती चित्रे पाहणाऱ्याला सर्वांत आधी जाणवते ते हे, की घरात मुले कोठेही आहेत. ती जेवणघरात आहेत, जिन्यावर आहेत, बापाच्या चित्रशाळेतही आहेत. त्या काळच्या सुखवस्तू युरोपीय घरात मुलांची खोली म्हणजे माडीवरची, दायांच्या ताब्यातली, पाहुण्यांच्या नजरेआडची जागा. लार्सन दांपत्याने ती पद्धत मोडली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या घराला आज साऱ्या स्कँडिनेव्हियन सजावटीचे माहेर मानतात, ते घर मुळीच फिके नाही. त्यात लाल आहे, हिरवा आहे, निळा आहे, पिवळा आहे. पांढरा आहे तो या रंगांना मोकळा श्वास देण्यापुरता. पुढेही हीच परंपरा दिसते. स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या योसेफ फ्रांकने छापील कापडावर पानाफुलांची नुसती बाग फुलवली. फिनलंडमध्ये १९५१ साली आर्मी रातियाने काढलेल्या मारिमेक्को कंपनीचे कापड तर ठळक रंगांसाठीच जगभर ओळखले जाते. तेव्हा ‘उत्तरेकडची खोली म्हणजे रंगहीन खोली’ ही समजूत त्या देशांना अन्याय करणारी आहे.

लार्सनची चित्रे प्रसिद्ध झाली त्याच सुमारास एलेन केय (१८४९–१९२६) ही विदुषी स्वीडनमध्ये लिहीत आणि बोलत होती. बोलत होती हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण तिचे व्यासपीठ आपल्या ओळखीचे आहे. स्टॉकहोममध्ये आंतोन न्यूस्त्रोम या डॉक्टरने १८८० मध्ये कामकऱ्यांसाठी एक व्याख्यानसंस्था काढली होती. दिवसभर राबलेली माणसे संध्याकाळी तेथे इतिहास, वाङ्मय, आरोग्य यांवरची व्याख्याने ऐकायला येत. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच काळातली ही गोष्ट. या संस्थेत एलेन केय सुमारे वीस वर्षे शिकवीत होती. १८९९ मध्ये तिने रिचर्ड बेर्ग या चित्रकाराच्या साहाय्याने तेथेच नमुन्याच्या खोल्या मांडून दाखवल्या. थोड्या पैशात कामकऱ्याचे घरही सुंदर करता येते, हे तिला लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवायचे होते. तिच्या निबंधांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘सर्वांसाठी सौंदर्य’.

तिचे म्हणणे थोडक्यात असे : जी वस्तू आपले काम नीट करते, जिच्यावर खोटा बडेजाव नाही आणि जी घरातल्या माणसाच्या गरजेतून आली आहे, तीच सुंदर. पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, तिचे ‘मुलाचे शतक’ हे पुस्तक आले आणि युरोपभर गाजले. येणारे शतक मुलाचे असावे, त्याला मारून मुटकून घडवू नये, त्याचे व्यक्तित्व ओळखावे, असा तिचा आग्रह होता. सुंदर घर आणि मुलाचा मान हे दोन विचार एकाच बाईच्या लेखणीतून एका वर्षाच्या अंतराने उतरले. मुलांच्या खोलीची खरी जन्मकुंडली आमच्या मते येथे आहे.

पण विचार निघाला म्हणून घर बदलत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत स्वीडनच्या शहरांतली कामकरी कुटुंबे एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्याच जागेत राहत. मुंबईच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. १९३० साली स्टॉकहोममध्ये गुनार आस्प्लुंड या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली मोठे प्रदर्शन भरले आणि उजेड, हवा, मोकळ्या खिडक्या यांचा नव्या शैलीत पुरस्कार झाला. त्यानंतर अभ्यासक घरोघर जाऊन लोक कसे राहतात हे पाहू लागले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. अनेक घरांत माणसे स्वयंपाकघरात दाटीवाटीने झोपत आणि हाताशी असलेली एकुलती चांगली खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असे. तेथे चांगले फर्निचर, चांगले कापड, आणि कोणी नाही!

यावर हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हे ज्याचे त्याने आपापल्या दिवाणखान्याकडे पाहून ठरवावे. प्लास्टिकचे आवरण न काढलेला सोफा आणि जेवणाच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करणारे मूल हे दृश्य केवळ स्वीडनमधले नाही.

या प्रश्नाला सार्वजनिक प्रश्न बनवण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत आल्वा मिर्डाल हे नाव अग्रभागी आहे. त्यांचे आपल्या देशाशीही नाते आहे : १९५५ ते १९६१ या काळात त्या स्वीडनच्या राजदूत म्हणून नवी दिल्लीत होत्या, आणि पुढे १९८२ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३४ साली त्यांनी आणि त्यांचे पती, अर्थशास्त्रज्ञ गुनार मिर्डाल यांनी लोकसंख्येच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. स्वीडनमध्ये जन्माचे प्रमाण फार खाली आले होते. लोक मुले का होऊ देत नाहीत? या दोघांचे उत्तर असे की, मुलांचा सगळा भार आईबापांच्या जागेवर आणि कमाईवर पडतो. तो समाजाने वाटून घेतला पाहिजे. १९३५ पासून तीन किंवा अधिक मुले असलेल्या गरीब कुटुंबांसाठी शासनाच्या मदतीने घरे बांधली जाऊ लागली. मुले जास्त, तशी भाड्यात सूट जास्त. त्याच वर्षी आल्वाबाई आणि स्वेन मार्केलियस या वास्तुशिल्पज्ञाच्या कल्पनेतून स्टॉकहोममध्ये एक सामुदायिक इमारत उभी राहिली. तिच्यात घरे लहान, स्वयंपाक एके ठिकाणी, जेवण यांत्रिक पाळण्यातून वर येणार आणि मुलांसाठी खाली बालगृह. १९३६ मध्ये त्यांनी खेळण्यांवरही एक लहान पुस्तक लिहिले. ज्या बाई राष्ट्राच्या लोकसंख्येचा विचार करीत होत्या, त्यांना मुलाच्या हातातली लाकडी वस्तू हाही विचार करण्यासारखा विषय वाटला. १९४८ पासून प्रत्येक मुलामागे सरकारी भत्ता सुरू झाला आणि १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत त्या लहानशा देशाने दहा लाख घरे बांधली.

दरम्यान सामान्य घराची मांडणीही बदलली. १९५५ मध्ये हेल्सिंगबोर्ग येथे भरलेल्या प्रदर्शनात लेना लार्सन या सजावटकार बाईंनी सर्वांनी मिळून वापरायची खोली पुढे मांडली. पाहुण्यांची राखीव बैठक काढून टाका, तेथे मुले खेळू द्या, आई शिवू दे, बाप रंधा मारू दे, असा तिचा अर्थ.

आता सामानाकडे वळू. मुलाला मोठ्यांच्या मापाच्या जगात सतत मान वर करून जगावे लागते. दाराची कडी उंच, कपाट उंच, खुर्ची उंच, पाय लोंबकळतात. उत्तरेकडच्या कारागिरांनी हे माप मनावर घेतले. फिनलंडच्या आल्वार आल्टोने १९३३ मध्ये बर्चचे लाकूड वाकवून तीन पायांचे एक साधे स्टूल केले. ते एकावर एक रचून ठेवता येते, आणि त्याचे लहान मुलांसाठीचे मापही निघाले. महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, डेन्मार्कच्या हान्स वेग्नरने आपल्या मित्राच्या लहान मुलाला भेट म्हणून एक खुर्ची बनवली. चार तुकडे, स्क्रू नाही, सरस नाही, एकात एक अडकवले की खुर्ची तयार. म्हणजे तीच खुर्ची, तेच खेळणे. क्रिस्टियन वेडेलने १९५७ मध्ये वाकवलेल्या प्लायवूडची अर्धगोल खुर्ची केली. तिच्या खाचांत फळी वरखाली सरकवली की ती बैठक होते, टेबल होते. आडवी केली की डुलते. नॉर्वेच्या पेटर ओप्सविकने १९७२ मध्ये केलेल्या उंच खुर्चीत बसण्याची आणि पाय टेकण्याची अशा दोन्ही फळ्या मुलाच्या उंचीप्रमाणे वर-खाली करता येतात. त्यामुळे दोन वर्षांचे मूल घरच्या जेवणाच्या टेबलाशी मोठ्यांच्या बरोबरीने बसते, आणि तीच खुर्ची ते मोठे झाल्यावरही वापरते.

या चारही वस्तूंत रंगाचा डामडौल नाही, ससे-अस्वलांची चित्रे नाहीत. त्या शांत दिसतात, कारण त्यांनी आपले सारे लक्ष मुलाच्या शरीरावर आणि त्याच्या हातांच्या उद्योगावर दिले आहे.

दिव्याचेही तसेच. डेन्मार्कच्या पाउल हेनिंग्सनने १९२५–२६ च्या सुमारास एकाखाली एक तीन तबकड्या असलेला दिवा तयार केला. कोठूनही पाहिले तरी आतला प्रखर बल्ब थेट डोळ्यांत येत नाही; उजेड तबकड्यांवरून मृदू होऊन खाली उतरतो. मुलाच्या खोलीत छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावण्याऐवजी दोन-तीन ठिकाणी मंद, झाकलेले दिवे ठेवण्याची तेथली पद्धत या विचाराशी जुळणारी आहे. एक वाचनाशी, एक पलंगाशी, एक खेळण्याच्या जागेशी. संध्याकाळ झाली की एकेक मालवत जायचे. झोप हळूहळू खोलीत येते.

मूळ प्रश्न अजून उभा आहे : शांत खोली मुलाला मानवते का? याविषयी काही प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांचा एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे चित्रे-तक्त्यांनी गच्च भरलेल्या वर्गात आणि काही धडे मोकळ्या भिंतींच्या वर्गात शिकवले गेले. भरलेल्या वर्गात मुलांचे लक्ष अधिक वेळ भरकटले, आणि धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे तेथे ४२ टक्के आली, तर मोकळ्या वर्गात ५५ टक्के. दुसरा प्रयोग टोलेडो विद्यापीठाचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांपुढे एकदा चार खेळणी ठेवली, एकदा सोळा. चार असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि तेच खेळणे निरनिराळ्या रीतींनी खेळली.

हे प्रयोग लहान आहेत. त्यांच्यावर फार मोठा इमला रचू नये. पण त्यांचा रोख स्पष्ट आहे. मुलाला त्रास होतो तो गर्दीचा. रंग वाईट असतो असे यांतून मुळीच निघत नाही. उलट अगदी तान्ह्या बाळाला तर फिक्या छटांमधला फरक दिसतच नाही. पहिल्या काही आठवड्यांत त्याला वीतभर अंतरावरचे ठळक, काळे-पांढरे तेवढे नीट कळते. रंगांची ओळख पुढच्या काही महिन्यांत होते. बाळासाठी म्हणून राखी रंगावर राखी रंग चढवणारे आईबाप ती खोली स्वतःसाठी सजवीत असतात. त्यात गैर काही नाही. थकलेल्या आईलाही शांत खोली हवी असते. फक्त ते बाळाच्या नावावर खपवू नये.

तेव्हा व्यवहाराचा नियम आम्ही असा सांगू : जे हलत नाही ते शांत ठेवा, जे हलते ते रंगीत असू द्या. भिंती, मोठे कपाट, पलंग या गोष्टी दहा-बारा वर्षे टिकायच्या. त्या एका-दोन सौम्य छटांत असाव्यात. उशीचा अभ्रा, गोधडी, चित्र, चेंडू, पुस्तके, मुलाने स्वतः रंगवलेला कागद हे हवे तेवढे भडक असोत. पाच वर्षांच्या मुलाला आगगाडीचे वेड असते, सातव्या वर्षी ते ग्रहताऱ्यांवर जाते. चादर बदलणे सोपे. भिंतभर काढलेली आगगाडी पुसणे महाग.

खेळणी सगळी एकाच वेळी बाहेर नकोत. सात-आठ समोर, बाकीची पेटीत. पंधरा दिवसांनी अदलाबदल. जुने खेळणे पेटीतून परत आले की नवे होऊन येते. फळ्या मुलाच्या छातीच्या उंचीच्या असाव्यात, म्हणजे काढणे जमते तसे ठेवणेही जमते. ‘पसारा आवर’ असे दिवसातून दहा वेळा ओरडण्याआधी, वस्तू ठेवण्याची जागा मुलाच्या हाताला पोचते का, एवढे आईबापांनी पाहावे. उंच कपाट असेल तर ते भिंतीला पक्के जखडलेच पाहिजे. मुले खणांची पायरी करून वर चढतात आणि कपाट अंगावर येते.

आपल्याकडे ही पद्धत आणताना काही फेरफार अटळ आहेत. तेथे सूर्य दुर्मीळ, येथे वैशाखात तोच डोळ्यांत खुपतो. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोर चकचकीत पांढरी भिंत चमक मारते. तेथे मोतिया, फिकट राखी किंवा आपल्या जुन्या घरांतला नीळ घातलेला चुना अधिक बरा. पाइनच्या लाकडाला आपल्या दमट हवेत वाळवीचे भय. घरात आजीचा सागवानी पलंग असेल तर तो घासून-पुसून घ्यावा, त्याहून चांगले लाकूड दुकानात मिळणे कठीण. मेंढीच्या कातड्याच्या जागी सतरंजी, लोकरीच्या जागी सोलापुरी चादर. छायाचित्रांतल्या पलंगावर जो पांढरा झिरझिरीत चांदवा शोभेसाठी सोडलेला असतो, तो आपल्याकडे मच्छरदाणी या नावाने आधीपासून आहे आणि कामाचाही आहे. दोन मजली पलंग घेण्याचा मोह झाला तर आधी वर पाहावे. त्या थंड देशांत छताला पंखा नसतो. आपल्याकडे वरच्या पलंगावर उभ्या राहिलेल्या मुलाचा हात पात्यांपर्यंत पोचू शकतो.

रंगाबाबत आणखी एक दक्षता. शिसे मिसळलेला रंग मुलांच्या मेंदूला घातक असतो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डबा घेताना त्यावरचा उल्लेख वाचावा. जुन्या घरातले पापुद्रे मात्र त्याआधीचे असतात. ते कोरडे खरवडून धूळ उडवू नये. ओले करून काढावेत, आणि तेवढे दिवस मुलांना आजोळी पाठवावे.

आणि ज्यांच्याकडे मुलांसाठी खोलीच नाही त्यांचे काय? आपल्यातल्या पुष्कळांचा हाच प्रश्न आहे. त्यांनी हताश होण्याचे कारण नाही. स्वीडनची वाटचालही एका खोलीतूनच सुरू झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे परदेशी बालशिक्षणाचे महागडे साहित्य बाजूला ठेवून आसपासच्या स्वस्त वस्तूंतून बालवाड्या उभ्या केल्या, हे उदाहरण आपल्या घरचेच आहे. खोली नसेल तर कोपरा द्यावा. तीन हात सतरंजी, हात पोचेल अशी एक फळी, मुलाच्या खांद्याच्या उंचीवर एक खुंटी आणि झाकलेला एक दिवा. त्या कोपऱ्यात मोठ्यांनी आपली इस्त्रीचे कपडे आणि वर्तमानपत्रांची रद्दी ठेवायची नाही, एवढे पथ्य पाळले की झाले. खर्च फार नाही; पथ्य कठीण आहे.

१९७९ साली स्वीडनने मुलांना मारण्यावर, घरातसुद्धा, कायद्याने बंदी घातली. असे करणारा तो जगातला पहिला देश. एलेन केयच्या पुस्तकाला तेव्हा एकोणऐंशी वर्षे झाली होती. पांढरी भिंत, बुटकी फळी आणि हा कायदा या तीन गोष्टी वरवर पाहता दूरच्या वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एकच विचार आहे : घरात मूल हे पाहुणा नाही आणि शोभेची वस्तूही नाही, ते घरातले एक माणूस आहे. हा विचार ज्या घरात आहे तेथे भिंतीला कोणताही रंग चालेल. तो नसेल तर कितीही महाग खोली सजवली तरी ती छायाचित्रापुरती शांत राहील. म्हणून रंगाच्या दुकानात जाण्यापूर्वी आपल्या मुलाला एकदा विचारावे, तुला काय हवे? त्याचे उत्तर सारेच मानले पाहिजे असे नाही. पण ते विचारले गेले, ऐकले गेले आणि निदान एक खुंटी त्याने दाखवलेल्या जागी ठोकली गेली, तर त्या खोलीची खरी सजावट झाली असे आम्ही समजू.